परसातील पुदिना व घरचा चहा

पुदिना ही वनस्पती नाशिक जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. चटणीत व मठ्ठ्यात तिचा उपयोग नेहमीचाच असून, थंडीच्या दिवसांत चहात पुदिन्याची चार पाने व गवती चहाची एखादी पात टाकण्याची चालही अनेक घरांत आहे. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत व काही वर्षी त्याहूनही खाली उतरते. अशा पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटविण्यास किंवा कांद्याला पाणी देण्यास निघालेल्या माणसास काहीतरी ऊनऊन प्यावयास हवे असते. हे पेय परसातल्या पानांतून, जवळजवळ विनाखर्च तयार होऊ शकते.

तथापि, बहुतेक ठिकाणी पुदिन्याचा चहा ज्या रीतीने केला जातो, त्यात पुदिन्याचा खरा गुण वाया जातो. पाणी चुलीवर ठेवतानाच त्यात पाने टाकली जातात, दहा-पंधरा मिनिटे उघड्या पातेल्यात ती उकळली जातात, आणि अखेर सुवास आढ्याला जातो व कडवटपणा तेवढा पेल्यात उरतो. वाळवणाचीही तीच स्थिती आहे. कडक उन्हात वाळविलेला पुदिना काळा पडतो, आणि घरातील मंडळी त्यास गवताची चव आहे असे म्हणून बाजूस सारतात. यात दोष पुदिन्याचा नसून रीतीचा आहे. लागवडीपासून पेल्यापर्यंत कोणती काळजी घ्यावी, आणि हा चहा केव्हा प्यावा व केव्हा पिऊ नये, याची माहिती पुढे दिली आहे.

सुवास पानात कोठे असतो

पुदिन्याचा वास त्याच्या उडनशील तेलामुळे येतो. उडनशील म्हणजे उष्णता व वारा लागताच हवेत निघून जाणारे. पुदिन्याच्या पानावर, विशेषतः पानाच्या पाठीमागील बाजूस, अतिसूक्ष्म ग्रंथी असतात व त्यांत हे तेल साठलेले असते. या ग्रंथी पानाच्या पृष्ठभागावरच असल्यामुळे पान बोटांत चुरडताच वास दरवळतो. याच कारणाने नुसत्या गरम पाण्यातही हे तेल चटकन उतरते, व पाणी उकळत राहिले तर तितक्याच चटकन वाफेबरोबर निघून जाते.

गवती चहाची गोष्ट निराळी आहे. त्याचे तेल पानाच्या आतील पेशींत असते व पान चिवट असते. म्हणून गवती चहाची पात बारीक कातरून तीन ते पाच मिनिटे उकळावी लागते. दोन्ही पाने एकाच वेळी पातेल्यात टाकली, तर एकाचा सुवास पुरता उतरत नाही आणि दुसऱ्याचा उडून जातो. सबब गवती चहा उकळावा व पुदिना झाकावा, एवढे एक सूत्र ध्यानात ठेविले तरी अर्धे काम होते.

परसात व स्वयंपाकघरात वापरला जाणारा पुदिना शास्त्रीय भाषेत मेंथा स्पिकाटा या नावाने ओळखला जातो. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूस शेतावर मोठ्या प्रमाणात घेतला जाणारा जपानी पुदिना हा निराळा असून, त्यापासून तेल व पिपरमिंटचे खडे काढतात. त्याची चव फार झोंबणारी असते. घरच्या चहासाठी नेहमीचा चटणीचा पुदिनाच योग्य होय.

जागा व लागवड

पाच-सहा माणसांच्या कुटुंबास दोन मीटर लांब व एक मीटर रुंद एवढा एकच वाफा पुरतो. जागा अशी निवडावी की सकाळचे ऊन मिळेल व दुपारी थोडी सावली असेल. शेवग्याच्या किंवा पपईच्या झाडाजवळील विरळ सावली पुदिन्यास मानवते. जमीन मध्यम, भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी असावी. वाफा खणून त्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

पुदिन्याची लागवड बियांऐवजी मुळ्या फुटलेल्या काड्यांपासून करतात. शेजाऱ्यांच्या वाफ्यातून किंवा बाजारातील ताज्या जुडीतून जाडसर, निरोगी काड्या निवडाव्यात. प्रत्येक काडी सुमारे दहा सेंटीमीटर लांब व तीन-चार डोळ्यांची ठेवून खालची पाने काढून टाकावीत. बाजारातल्या काड्यांना मुळ्या नसतील तर त्या पाण्याच्या पेल्यात सावलीत ठेवाव्यात व पाणी रोज बदलावे. आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. दोन ओळींत तीस सेंटीमीटर व दोन काड्यांत वीस सेंटीमीटर अंतर ठेविल्यास या वाफ्यास तीस ते पस्तीस काड्या लागतात. जागाच नसेल तर तळाशी भोक असलेली कुंडी किंवा पसरट घमेले चालते. पुदिना जमिनीलगत पसरत जाऊन इतर भाज्यांच्या वाफ्यात शिरतो, म्हणून त्याचा वाफा विटा लावून वेगळा करणे चांगले.

नाशिक जिल्ह्यात पाऊस सर्वत्र सारखा नाही, म्हणून एकच सल्ला सर्व तालुक्यांना लागू पडत नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या भागांत पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचून पुदिन्याची मुळे कुजतात. तेथे जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करावा, किंवा पावसाळ्यापुरत्या काड्या कुंडीत लावून ओसरीवर ठेवाव्यात. सिन्नर, येवला व नांदगाव या कमी पावसाच्या भागांत पाण्याचाच प्रश्न असतो. तेथे वाफा लहान ठेवून काड्यांभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि वाफ्याच्या मध्यभागी पाण्याने भरलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ठेवावे. मडक्यातून पाझरणारे पाणी मुळांना मिळत राहते व रोज पाणी घालण्याचे श्रम वाचतात. इतरत्र हिवाळ्यात पाच-सहा दिवसांनी व उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावे.

गवती चहाचे एक-दोन ठोंब वाफ्याच्या टोकास, एकमेकांपासून साठ ते नव्वद सेंटीमीटर अंतरावर लावावेत. जुन्या ठोंबाचे मुळांसकट फुटवे वेगळे करून ही लागवड होते. पातीची कड धारदार असल्याने ती हाताने न ओढता विळ्याने कापावी. गवती चहासारखे दिसणारे दुसरेही गवत बांधावर असते, म्हणून पात चुरडून लिंबासारखा वास येतो की नाही हे पाहिल्याशिवाय ती चहात घालू नये.

फवारा व पाणी : दोन जपण्याच्या गोष्टी

पुदिन्याचे पान सालीवाचून, जसेच्या तसे पोटात जाते. शिवाय वर सांगितलेल्या रीतीने ते उकळले जात नाही. म्हणून त्यावर काय पडते याकडे कसोशीने लक्ष देणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट फवाऱ्याची. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांवर, विशेषतः ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, केवडा व भुरी या रोगांसाठी वरचेवर फवारणी करावी लागते. मोकळी जागा दिसते म्हणून काही शेतकरी बागेच्या कडेला किंवा वेलींच्या ओळीखालीच पुदिना लावतात. ही चूक कटाक्षाने टाळावी. द्राक्षावरील औषधास फवारणी ते काढणी असा प्रतीक्षाकाळ ठरलेला असतो व द्राक्षे तो पाळूनच काढली जातात. परंतु खाली लावलेला पुदिना मात्र फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी तोडून चहात पडतो. पुदिन्याची जागा घराजवळ, बागेच्या वाऱ्याच्या बाहेर असावी. औषधांचे रिकामे पिंप किंवा डबे कापून त्यांत पुदिना लावणे किंवा त्यांत पाणी साठविणे हेही तितकेच घातक आहे. असे डबे कितीही धुतले तरी घरगुती उपयोगाचे होत नाहीत.

पुदिन्यावर तांबेरा पडल्यास पानामागे नारिंगी रंगाचे ठिपके दिसतात. अशा फांद्या मुळापासून कापून जाळून टाकाव्यात. वाफ्यात दाटी झाली असेल तर विरळणी करावी. मावा दिसल्यास पाण्याची जोरदार धार मारावी, अळ्या हाताने वेचाव्यात. चार पानांच्या चहासाठी विषारी औषध फवारण्याचे काहीच प्रयोजन नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. न्हाणीच्या सांडपाण्यावर पुदिना, अळू व केळी वाढविण्याची चाल जुनी आहे व पाण्याच्या काटकसरीच्या दृष्टीने ती स्तुत्यही आहे. मात्र साबणाचे पाणी प्रथम केळी व अळूस द्यावे, आणि पुदिन्यास भाज्या-तांदूळ धुतलेले किंवा स्वच्छ पाणी द्यावे. ते मुळाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. गटाराच्या किंवा मैलामिश्रित नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पुदिना कितीही हिरवागार दिसला तरी तो घेऊ नये. अशा पानांबरोबर जुलाब, कावीळ व जंत यांचा संसर्ग घरात येऊ शकतो.

तोडणी व धुणे

लागवडीनंतर सुमारे दोन महिन्यांनी पहिला तोडा मिळतो. त्यानंतर हंगाम व पाणी यांनुसार दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तोडणी होते. फुलोरा येण्यापूर्वी पाने कोवळी व सुवासिक असतात. फुले आली की पाने बारीक व राठ होतात. सकाळी दंव सुकल्यानंतर, परंतु ऊन चढण्यापूर्वी पाने तोडावीत. उपटून न घेता जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटर उंचीवर कात्रीने किंवा विळ्याने कापावे, म्हणजे खालून नवे फुटवे येतात.

सर्व वाफा एकाच वेळी कापण्यापेक्षा त्याचे चार भाग कल्पून दर आठवड्यास एकेक भाग कापावा. चौथा भाग कापून होईतो पहिला बराच फुटून येतो व घरात वर्षाचे बहुतेक महिने ताजा पुदिना राहतो. दीड-दोन वर्षांनी वाफा दाट होऊन पाने लहान पडू लागली की तो खणून, खत घालून, नव्या काड्या लावाव्यात.

तोडलेली पाने निवडून मोठ्या भांड्यात पिण्याच्या पाण्यात बुडवून हलवावीत. माती तळाशी बसते. पाने वरून उचलून घ्यावीत, पाणी त्यांच्यावरूनच ओतू नये. असे दोन-तीन वेळा करावे. बाजारातून आणलेल्या जुडीस तर हे धुणे अधिकच आवश्यक आहे.

वाळविणे व साठविणे

नाशिकच्या पंचवटी येथील बाजार आवारात पालेभाज्यांचे लिलाव जुडीवर होतात. आवक वाढली की भाव इतका उतरतो की तोडणीची मजुरी व गाडीभाडेही निघत नाही, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. कोथिंबीर किंवा मेथी अशा वेळी बांधावर टाकण्याची पाळी येते. पुदिना मात्र योग्य रीतीने वाळविल्यास कित्येक महिने टिकतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

ताज्या पानात पाच भागांपैकी चार भागांहून अधिक पाणी असते. त्यामुळे साधारण सहा किलो निवडलेल्या पानांपासून एक किलो वाळलेला पुदिना मिळतो. पाऊस ओसरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, हवा कोरडी असते. हाच वाळवणाचा उत्तम काळ होय. पावसाळ्यात पाने वाळण्याऐवजी कुबट होतात व त्यांवर बुरशी येते.

वाळविण्याची रीत अशी. धुतलेली पाने स्वच्छ सुती कापडावर निथळत ठेवावीत. पाणी निघून गेल्यावर ती दुसऱ्या कोरड्या कापडावर एकेरी थरात पसरावीत. जागा सावलीची, वारा खेळता असलेली व धुरापासून दूर असावी. वरून पातळ मलमल टाकल्यास धूळ व माशा बसत नाहीत. दिवसातून दोनदा पाने हलक्या हाताने परतावीत. तीन ते पाच दिवसांत पाने वाळतात. पान चिमटीत धरताच चुरा झाला व देठ वाकविताच मोडला म्हणजे वाळवण पूर्ण झाले असे समजावे.

सोय म्हणून कांदाचाळीत पुदिना वाळत घालण्याचा मोह होतो. चाळीत वारा चांगला असतो हे खरे. परंतु वाळते पान भोवतालचा वास चटकन धरते, आणि मग चहास कांद्याचा वास येतो. चुलीच्या वरच्या फळीवर वाळविलेल्या पानास धुराचा वास लागतो. म्हणून राहत्या घरातील माजघर किंवा माळा अधिक बरा.

वाळलेली पाने न चुरता अखंडच ठेवावीत. चुरा केला की ग्रंथी फुटतात व साठवणीतच सुवास उडून जातो. घट्ट झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात किंवा गडद काचेच्या बरणीत पाने भरून, वाळविल्याची तारीख लिहून, डबा उजेड व उष्णता यांपासून दूर ठेवावा. पहिल्या आठवड्यात डबा एकदा उघडून पाहावा. झाकणाच्या आत दमटपणा दिसल्यास पाने पुन्हा पसरून वाळवावीत. बुरशी दिसल्यास मात्र सर्व माल फेकून द्यावा, निवडून वापरू नये.

चहा करण्याच्या रीती

पुढील प्रमाणे चार कपांसाठी आहेत.

(१) नुसत्या पुदिन्याचा चहा. चार कप पाणी खळखळून उकळावे व पातेले खाली उतरावे. पुदिन्याची वीस-पंचवीस ताजी पाने हाताने किंचित चुरडून, किंवा वाळलेल्या पुदिन्याचा चुरा तीन लहान चमचे, त्या पाण्यात टाकावा आणि लगेच झाकण घालावे. पाच मिनिटांनी गाळावे. झाकणाच्या आतील बाजूस जमलेले थेंब पातेल्यातच पडू द्यावेत, कारण त्यांतही सुवास उतरलेला असतो. गोडीसाठी थोडा गूळ किंवा साखर घालावी. लिंबू पिळावयाचे असल्यास ते गाळून झाल्यावर पिळावे. आधी पिळल्यास पाने काळवंडतात. लिंबाचा चहा कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात करू नये.

(२) गवती चहा, आले व पुदिना यांचा काढा. साडेचार कप पाण्यात गवती चहाच्या दोन पाती कातरून व पेरभर आले ठेचून टाकावे. पाच मिनिटे मंद उकळल्यावर पातेले खाली उतरून त्यात पुदिन्याची पंधरा पाने टाकावीत व पाच मिनिटे झाकून ठेवावे. हिवाळ्याच्या सकाळी हा काढा विशेष रुचतो.

(३) दुधाचा पुदिना-चहा. तीन कप पाण्यात गवती चहा व ठेचलेले आले प्रथम उकळून घ्यावे. कच्च्या आल्यात दूध फाडणारा घटक असतो व उकळण्याने तो निष्प्रभ होतो, म्हणून आले दुधाच्या आधीच उकळले पाहिजे. नंतर चहाची पूड व साखर घालून एक उकळी आणावी, एक कप तापविलेले दूध घालावे व पुन्हा उकळी येताच खाली उतरावे. आता चुरडलेली दहा-बारा पुदिन्याची पाने टाकून दोन-तीन मिनिटे झाकून ठेवावे व गाळावे. पुदिन्याने दूध फाटते अशी समजूत काही ठिकाणी आहे, परंतु या रीतीने केल्यास दूध फाटत नाही. साखरेऐवजी गूळ वापरावयाचा असेल तर तो दुधाबरोबर न उकळता पेल्यात घालावा.

पुदिन्याच्या चहासाठी जगात मोरोक्को हा उत्तर आफ्रिकेतील देश प्रसिद्ध आहे. तेथे चीनमधून येणारा हिरवा चहा, भरपूर साखर व ताजा पुदिना यांपासून पाहुण्यांचे स्वागताचे पेय करतात. १८५० नंतरच्या दशकात क्रिमियन युद्धामुळे नेहमीची गिऱ्हाइके तुटली, तेव्हा व्यापाऱ्यांनी हिरवा चहा मोरोक्कोच्या बंदरांत मोठ्या प्रमाणात उतरविला, आणि तेथे पूर्वीपासून वापरात असलेल्या पुदिन्याशी त्याची जोड अधिकच पसरली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथेही हिरवा चहा आधी करून घेतात व पुदिन्याची जुडी त्यानंतर किटलीत दाबून बसवितात.

केव्हा घ्यावा व केव्हा घेऊ नये

चहाचा प्रश्न केवळ चवीचा नाही. २०१९–२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बाजरीची भाकरी, डाळी व पालेभाज्या यांत लोह असते, परंतु जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या लोहाचे शोषण अडवितो. सकाळी चहा-भाकरी खाऊन शेतावर जाणाऱ्या स्त्रीच्या पोटात भाकरीतील लोह गेले तरी त्याचा मोठा भाग रक्तापर्यंत पोहोचत नाही.

पुदिन्याच्या चहात हा दोष नाही असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या न्याहारीबरोबर पेपरमिंट जातीच्या पुदिन्याचा चहा घेतला असता लोहाचे शोषण ८४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. नेहमीच्या चहाने ही घट ७९ ते ९४ टक्के होती. अर्थात दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच. म्हणून चहा कोणताही असो, तो जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर निदान एक तास अंतर ठेवून घ्यावा. गरोदर व स्तनदा मातांनी लोहाच्या गोळ्या चहाबरोबर कधीही घेऊ नयेत. त्या पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात. जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असल्यास लोहाचे शोषण वाढते.

नुसत्या पुदिन्याच्या चहाचा खरा लाभ निराळा आहे. त्यात कॅफीन नसते, त्यामुळे संध्याकाळी घेतला तरी झोप मोडत नाही. दूध लागत नाही व साखर थोडी पुरते. दिवसातून पाच-सहा वेळा गोड दुधाचा चहा घेणाऱ्या कुटुंबाने त्यांपैकी दोन वेळा हा चहा घेतला, तरी महिन्याच्या साखरेत व चहापुडीत सहज कळण्याइतकी बचत होते.

ज्यांना छातीत जळजळ होण्याचा किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्यांचा त्रास पुदिन्याने वाढू शकतो. त्यांनी तो बेताने घ्यावा. तान्ह्या मुलांना हा चहा पाजू नये. पिपरमिंटचे खडे किंवा पुदिन्याचा अर्क हा पानांचा पर्याय नव्हे. तो अतिशय तीव्र असून लहान मुलांच्या नाकाजवळ लावल्यास श्वासास अपाय होण्याचा संभव असतो. जुलाब-उलट्या होत असताना पुदिन्याच्या चहावर विसंबू नये. अशा वेळी ओआरएसचे पाणी द्यावे. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून द्यावे आणि रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावे.

विक्रीविषयी थोडेसे

घरची गरज भागून उरलेला पुदिना महिला बचत गटांमार्फत वाळवून विकता येतो. मात्र आरंभ लहान असावा. पहिल्या वर्षी दोन-तीन वाफ्यांचा माल वाळवून ओळखीच्या घरांत व आठवडे बाजारात विकून पाहावा आणि ग्राहक पुन्हा मागतो की नाही हे पाहूनच लागवड वाढवावी. खाद्यपदार्थाच्या विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करणे आवश्यक आहे. पाकिटावर मालाचे नाव, वजन व वाळविल्याचा दिनांक लिहावा. ज्यात चहाच्या झुडपाचे पान नाही त्या मालास चहा असे नाव न देता ‘वाळविलेला पुदिना’ असेच खरे नाव द्यावे. या पेयाने मधुमेह, रक्तदाब इत्यादी रोग बरे होतात अशा जाहिराती करू नयेत.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ही माहिती नुसती सांगून पटत नाही, दाखवून पटते. अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीत पुढील प्रात्यक्षिक अर्ध्या तासात करून दाखविता येते. एकाच वाफ्यातील पुदिन्याचे दोन सारखे वाटे करावेत. एक वाटा चार कप पाण्यात उघड्या पातेल्यात दहा मिनिटे उकळावा. दुसरा उकळून उतरविलेल्या तितक्याच पाण्यात पाच मिनिटे झाकून ठेवावा. दोन्ही गाळून, कोणते कोणत्या रीतीचे हे न सांगता, उपस्थित स्त्रियांना वास घेऊन चव पाहण्यास सांगावे. त्यांचे मत झाल्यावरच रीत उघड करावी. त्याच वेळी उन्हात व सावलीत वाळविलेल्या पानांचे दोन नमुने हातावर चुरडून त्यांचा वास घेण्यास द्यावेत.

बैठकीच्या शेवटी प्रत्येक घरास मुळ्या फुटलेल्या पाच-सहा काड्या वाटाव्यात. यासाठी कार्यकर्त्याने किंवा गटाने महिनाभर आधी एक वाफा तयार ठेवावा. पुढील भेटीत तीन गोष्टी पाहाव्यात : काड्या जगल्या आहेत काय, वाफा फवाऱ्याच्या वाऱ्यापासून दूर आहे काय, आणि घरातील स्त्रिया चहा व जेवण यांत अंतर ठेवतात काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांत प्रथम नकारार्थी येईल. तेथे घरच्या कर्त्या स्त्रीबरोबरच सासूबाईंशीही बोलावे, कारण सकाळच्या चहाची वेळ पुष्कळदा त्याच ठरवितात. पुदिन्याचा वाफा परसात हिरवा राहिला व चहाची वेळ जेवणापासून तासभर दूर गेली, म्हणजे या कामाचा हेतू साध्य झाला असे समजावे.